गोठवलेली धमनी : संसर्ग झालेल्या ग्राफ्टच्या जागी दात्याची रक्तवाहिनी

ही वस्तू कोणत्याही दुकानात मिळत नाही, तिची जाहिरात होत नाही, आणि ज्याच्यासाठी ती मागवली जाते त्या रुग्णाला बहुधा तिचे नावही ठाऊक नसते. तरीही एखाद्या वापरून पाहिलेल्या वस्तूविषयी लिहावे तसे तिच्याविषयी सविस्तर आणि सरळ लिहावे, असे मला बरेच दिवस वाटत होते. रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रिया हा माझा व्यवसाय आहे. परदेशातील ज्या रुग्णालयात मी काही वर्षे काम केले, तेथे मृत दात्यांच्या शरीरातून काढून गोठवून ठेवलेल्या धमन्या ऊतिपेढीकडून, म्हणजे दान केलेल्या ऊती जपून ठेवणाऱ्या संस्थेकडून, मागवता येत असत, आणि कृत्रिम ग्राफ्टला, म्हणजे धमनीच्या जागी शिवलेल्या नळीला, जंतुसंसर्ग झालेल्या रुग्णांमध्ये त्या वापरण्याची संधी मला तेथे मिळाली. महाराष्ट्रात परतल्यावर तीच दुखणी समोर आली, पण ती धमनी हाताशी नव्हती. पुढचे सारे मत या दोन्ही काळांतल्या अनुभवांतून बनलेले आहे.

आधी दुखणे काय आहे ते सांगितले पाहिजे, कारण त्याची तीव्रता लक्षात घेतल्याशिवाय या धमनीचे गुणदोष तोलता येणार नाहीत. पोटातील महाधमनी फुगली, किंवा पायांकडे जाणाऱ्या धमन्या चरबीने आणि चुन्याने बंद झाल्या, की आम्ही त्या जागी डेक्रॉनची, म्हणजे विणलेल्या पॉलिएस्टरची, किंवा पीटीएफई या प्लास्टिकची नळी शिवतो. बहुतेकांना ती जन्मभर साथ देते. मात्र काही थोड्या रुग्णांमध्ये त्या नळीवर जंतू वस्ती करतात. कधी ते शस्त्रक्रियेच्या वेळी जांघेच्या कातडीवरून आत जातात, कधी अनेक वर्षांनी रक्तातून येऊन पोहोचतात, आणि कधी नळी शेजारच्या आतड्यावर घासून घासून त्याला भोक पाडते व आतड्यातले सारे जंतू तिच्यावर उतरतात. स्टॅफिलोकॉकससारखे जंतू धाग्यांच्या विणीत चिकट थर तयार करून त्याच्या आत राहतात. नळीला स्वतःचा रक्तपुरवठा नसल्यामुळे शिरेतून दिलेली प्रतिजैविके त्या थरापर्यंत पुरेशा प्रमाणात पोहोचत नाहीत. रुग्णाला महिनोन्महिने बारीक ताप येतो, वजन उतरते, जांघेतून पू वाहतो, आणि आतड्याला भोक पडलेले असेल तर एखाद्या रात्री अचानक रक्ताची उलटी होते. औषधाने हा संसर्ग दाबून ठेवता येतो, पण समूळ घालवायचा असेल तर नळी काढावीच लागते, आणि नळी काढली की पायांना रक्त कोठून द्यायचे हा प्रश्न त्याच क्षणी उभा राहतो.

पूर्वीचा प्रचलित मार्ग असा होता की पोटातील नळी काढून महाधमनीचे तोंड शिवून बंद करायचे आणि काखेजवळच्या धमनीपासून कातडीखालून दोन्ही जांघांपर्यंत नवी नळी न्यायची. हा मार्ग आजही काही रुग्णांमध्ये योग्य ठरतो. पण शिवून बंद केलेले महाधमनीचे तोंड पुवाच्या जागेतच राहते आणि काही आठवड्यांनी ते फुटले तर रुग्ण वाचवणे जवळजवळ अशक्य असते. शिवाय कातडीखालची लांबलचक नवी नळीसुद्धा कृत्रिमच असल्यामुळे तीही बंद पडते किंवा तिलाही संसर्ग होतो. दुसरा मार्ग रुग्णाच्या स्वतःच्या शिरेचा. डॅलस येथील क्लॅगेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडीतील खोल शीर काढून तिच्यापासून महाधमनीची नवी जोडणी करण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि संसर्गाला तोंड देण्याच्या बाबतीत तिच्याइतके चांगले दुसरे काही नाही असे माझेही मत आहे. तिची अडचण वेळेची आहे. दोन्ही मांड्या उघडून शिरा सोडवायला काही तास जातात, आणि रक्ताची उलटी करत आलेल्या, रक्तदाब खाली गेलेल्या माणसाकडे ते तास नसतात. दात्याच्या धमनीचा खरा उपयोग अशा वेळी होतो.

ही कल्पना नवी नाही. रक्तवाहिन्या जोडण्याच्या तंत्रासाठी १९१२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालेल्या अलेक्सी कॅरेल यांनी थंडीत जतन केलेल्या वाहिन्यांवर प्रयोग केले होते. बोस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉस यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस दात्यांच्या धमन्या माणसांमध्ये वापरल्या, आणि पॅरिसमध्ये शार्ल द्युबोस्त यांनी २९ मार्च १९५१ रोजी पोटातील फुगलेली महाधमनी काढून तिच्या जागी दात्याची महाधमनी बसवली. म्हणजे या शस्त्रक्रियेची सुरुवातच दात्याच्या ऊतीने झाली. पुढे त्या धमन्या काही वर्षांनी फुगतात, त्यांच्यात चुना साठतो असे दिसून आले, आणि १९५२ मध्ये अमेरिकन शल्यचिकित्सक व्हूरहीस यांनी दाखवलेल्या कापडी नळ्यांची, नंतर डेक्रॉनची, वाट मोकळी झाली. संसर्गाच्या कारणाने ही जुनी वाट पुन्हा धरण्याचे मोठे श्रेय पॅरिसच्या एदुआर किफेर यांच्या गटाला जाते. १९८८ पासून त्यांनी संसर्ग झालेल्या ग्राफ्टच्या जागी दात्यांच्या धमन्या बसवायला सुरुवात केली.

आता प्रत्यक्ष वस्तूकडे येतो. मागणी फोनवरून होते, आणि माझ्या अनुभवात चांगल्या पेढीची ओळख या पहिल्या फोनवरच पटते. चांगली पेढी व्यास, लांबी, महाधमनी दोन्ही पायांकडे जिथे दुभागते त्याच्या खाली दोन्ही बाजूंना किती धमनी शिल्लक आहे, दात्याचे वय आणि भिंतीत चुना दिसतो का, हे सारे न विचारता सांगते. दात्याची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, तसेच उपदंश यांसाठी तपासणी झालेली असते. काढलेली धमनी प्रतिजैविकांच्या मिश्रणात ठेवून जंतुरहित केली जाते, मग पेशींमध्ये बर्फाचे स्फटिक होऊ नयेत म्हणून डायमिथाइल सल्फॉक्साइड मिसळलेल्या द्रावात बुडवून साधारण मिनिटाला एक अंश या संथ गतीने गोठवली जाते. त्यानंतर ती द्रवरूप नायट्रोजनच्या वाफेत, उणे १३० अंश सेल्सिअसच्या खाली, राहते. रुग्णालयात ती येते ती नायट्रोजन शोषून घेतलेल्या जाड भिंतींच्या पिंपातून. झाकण उघडले की पांढरी वाफ खाली सांडते आणि आतून दुहेरी पिशवी निघते. त्या अवस्थेत धमनी काचेसारखी ठिसूळ असते. पिशवी वाकवली किंवा हातातून पडली तर भिंतीला तडे जाऊ शकतात, म्हणून ती कोण उचलणार हे आम्ही आधीच ठरवून ठेवत असू.

पिशवी वितळवण्याचे काम घाईचे नाही, आणि ते ज्याच्याकडे सोपवायचे तो माणूस घाई करणारा नसावा. पेढीने दिलेल्या क्रमानेच ती कोमट पाण्यात, सुमारे ३७ ते ४० अंशांवर, वितळवायची, आणि मग डायमिथाइल सल्फॉक्साइडचा द्राव पायरीपायरीने धुवून काढायचा. या सगळ्याला अर्धा ते पाऊण तास लागतो. त्यामुळे जुनी नळी काढण्याचा आणि पुवाने माखलेली जागा साफ करण्याचा वेळ व धमनी तयार होण्याचा वेळ यांचा मेळ भूलतज्ज्ञ, परिचारिका आणि शल्यचिकित्सक यांनी आधी बोलून घालावा लागतो. ही एक गैरसोय आहेच. पण मांडीतील शीर काढण्याच्या तासांशी तुलना केली तर ती नगण्य वाटते.

धुतलेली धमनी हातात घेतली की कापडी नळी आणि ऊती यांतला फरक बोटांना लगेच कळतो. ती मऊ असते, ओलसर असते, टाका घालताना सुई कापडातून जावी तशी न जाता मांसातून जावी तशी जाते, आणि रुग्णाच्या दाहाने ठिसूळ झालेल्या महाधमनीच्या काठाशी ती जुळवून घेते. सुईच्या भोकांतून होणारा रक्तस्राव पीटीएफईपेक्षा कमी असतो. दुभागलेली महाधमनी मिळाली तर दोन्ही पायांकडे जाणाऱ्या शाखा निसर्गानेच घडवलेल्या असतात. मात्र तिची लांबी ताणून वाढवता येत नाही. कापडी नळीची वीण थोडी ओढ सहन करते, पण ही धमनी ताणावर शिवली की तो ताण शिवणीवर येतो. म्हणून कमी पडेल अशी शंका जरी आली तरी दुसरा तुकडा जोडून लांबी वाढवणे शहाणपणाचे असते.

तिचा सर्वांत धोकादायक दोष मला एका रुग्णाने शिकवला, आणि तो प्रसंग मी येथे मुद्दाम लिहितो आहे. साठीतले गृहस्थ होते. चार वर्षांपूर्वी बसवलेल्या नळीतून जांघेत पू येत होता. नळी काढली, दात्याची महाधमनी बसवली, पोटातील चरबीचा पदर, ज्याला आम्ही ओमेंटम म्हणतो, तो तिच्याभोवती गुंडाळला, आणि पहिले तीन दिवस अपेक्षेपेक्षा चांगले गेले. चौथ्या दिवशी पहाटे त्यांचा रक्तदाब घसरला. पोट पुन्हा उघडले तेव्हा आम्ही घातलेल्या सर्व शिवणी शाबूत होत्या; रक्त येत होते ते दात्याच्या महाधमनीच्या मागच्या बाजूला, कण्याकडे जाणाऱ्या एका कापलेल्या फांदीतून. ती फांदी केवळ दोऱ्याची गाठ मारून बांधलेली होती, आणि संसर्गाच्या जागेत ती गाठ सुटली होती. रुग्ण वाचले, पण अतिदक्षता विभागात त्यांना तीन आठवडे काढावे लागले. तेव्हापासून मी धमनी वितळल्यावर प्रत्येक फांदी पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्याने बारकाईने शिवतो, धमनीच्या दोन्ही टोकांना क्लॅम्प, म्हणजे वाहिनी दाबून धरणारे चिमटे, लावून तिच्यात दाबाने सलाइन भरतो आणि थेंब येतो का ते पाहतो. त्या फांद्या शिवायला दहा मिनिटे लागतात. या वस्तूच्या प्रत्येक नव्या वापरकर्त्याला मी हीच सूचना सर्वांआधी देईन.

पेढीच्या सेवेविषयी एक तक्रारही नोंदवली पाहिजे. एका प्रसंगी आलेल्या धमनीच्या कागदावर लांबी पुरेशी लिहिलेली होती, परंतु खालच्या टोकाकडे भिंतीत चुन्याचे इतके कडक पापुद्रे होते की तेथे सुई जाईना, आणि जवळजवळ पाच सेंटिमीटरचा भाग कापून टाकावा लागला. लांबी मोजणाऱ्याने ती बरोबर मोजली होती, पण शिवण्याजोगी लांबी किती हे मोजले नव्हते. आम्ही कळवल्यावर पेढीने ती चूक मान्य केली. तरी रुग्ण टेबलावर असताना ही गोष्ट कळणे किती भयंकर असते, हे त्या खोलीत असलेल्यांनाच ठाऊक. पुढच्या वेळी फोनवर मी हाच प्रश्न विचारू लागलो : दोन्ही टोकांना सुई जाईल अशी लांबी किती?

संसर्गाच्या बाबतीत ती खरोखर काय करते, याविषयी बऱ्याच वेळा अतिशयोक्ती ऐकू येते. दात्याची धमनी जंतूंना मारत नाही. तिच्यात धाग्यांची वीण नाही, त्यामुळे जंतूंना लपायला कृत्रिम पृष्ठभाग मिळत नाही. निर्जंतुकीकरणाच्या वेळी वापरलेल्या प्रतिजैविकांचा काही अंश भिंतीत राहतो. आणि भोवतालच्या जिवंत ऊती तिच्याशी एकजीव होऊ शकतात. तिची ताकद एवढीच आहे आणि बहुतेक वेळा ती पुरते. पण सुडोमोनाससारखे काही जंतू धमनीची भिंतच विरघळवतात, आणि मृत ऊती अर्धवट खरवडून, निचऱ्याची सोय न करता ही धमनी बसवली तर तीही फुटते. ज्यांच्यात ती अपयशी ठरली असे मी पाहिले, त्यांतील बहुतेकांमध्ये खोट धमनीत नव्हती. जागा पुरेशी साफ झालेली नव्हती.

आकड्यांकडे पाहिले तर चित्र दिलासा देणारे आहे, पण आरामशीर नाही. किफेर यांच्या गटाने १९८८ ते २००२ या काळातील १७९ रुग्णांचे निष्कर्ष मांडले. त्यांतील १११ जणांना ताज्या धमन्या आणि १९९६ नंतरच्या ६८ जणांना गोठवलेल्या धमन्या बसवल्या होत्या, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या सुरुवातीच्या काळात २०.१ टक्के रुग्ण दगावले. अमेरिकेतील १४ संस्थांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या २२० रुग्णांच्या नोंदींत ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ९ टक्के होते. तेथे एक वर्षाने ७५ टक्के आणि पाच वर्षांनी ५१ टक्के रुग्ण हयात होते; आठ जणांमध्ये धमनी फुटली आणि दहा जणांमध्ये ती काढावी लागली. त्याच नोंदींत पाच वर्षांनंतर ९७ टक्के धमन्या वाहत्या, म्हणजे बंद न पडलेल्या, होत्या, ही गोष्ट मला विशेष वाटते. मात्र हे आकडे पोटातील रुंद महाधमनीचे आहेत. गुडघ्याखालच्या बारीक धमनीपर्यंत दात्याची वाहिनी नेली तर ती फार लवकर बंद पडते, हा माझा आणि माझ्या सहकाऱ्यांचाही अनुभव आहे. तेथे ती पाय काही महिने तगवते, जखम भरू देते, आणि तेवढ्यासाठीच ती वापरावी.

दीर्घकाळाचा हिशेबही मांडायला हवा. या धमनीसाठी अवयव प्रत्यारोपणाप्रमाणे प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे सहसा देत नाहीत, आणि संसर्ग झालेल्या रुग्णात ती देणे योग्यही नाही. परिणामी शरीर हळूहळू तिच्या भिंतीवर प्रतिक्रिया देत राहते, आणि काही वर्षांत काही धमन्या फुगतात किंवा चुन्याने कडक होतात. म्हणून रुग्णाला दर वर्षी स्कॅनसाठी बोलवावे लागते, आणि ही गोष्ट शस्त्रक्रियेपूर्वीच त्याच्या घरच्यांना समजावून सांगावी लागते. आणखी एका रुग्णगटाच्या बाबतीत मी फार सावध असतो : डायलिसिसवर असलेले आणि मूत्रपिंडाची वाट पाहणारे रुग्ण. दात्याच्या धमनीमुळे त्यांच्या रक्तात परक्या ऊतींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात, आणि मग जुळणारे मूत्रपिंड मिळणे अवघड होऊन बसते. अशा रुग्णासाठी दुसरा पर्याय असेल तर मी दुसराच पर्याय निवडीन.

पर्याय आहेत. रिफॅम्पिसिन या प्रतिजैविकात भिजवलेली डेक्रॉनची नळी स्वस्त आहे, लगेच मिळते, आणि सौम्य जंतूंच्या मर्यादित संसर्गात तिने चांगले काम केलेले मी पाहिले आहे. पोट पुवाने भरलेले असताना मात्र मला तिच्यावर विसंबता येत नाही. चांदीचा लेप असलेल्या नळ्यांविषयीही माझे मत जवळजवळ तेच आहे. गाय-बैलांच्या हृदयावरणाच्या प्रक्रिया केलेल्या पडद्यापासून टेबलावरच नळी शिवून घेण्याची पद्धत मात्र दात्याच्या धमनीची खरी प्रतिस्पर्धी आहे. युरोपच्या रक्तवाहिनी शल्यचिकित्सकांच्या संघटनेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत रुग्णाच्या स्वतःच्या शिरेला पहिली पसंती आहे आणि दात्याची धमनी व हे हृदयावरण तिच्यानंतरच्या पर्यायांत येतात. माझ्या हाताला या दोहोंत दात्याची धमनी अधिक चांगली वाटते, कारण तिच्यात उभी लांब शिवण नसते. किमतीच्या बाबतीत ती कापडी नळीच्या कित्येक पट महाग पडते, आणि जेथे विमा किंवा सरकार तो खर्च उचलते तेथेच ती सर्रास वापरली जाते, हेही खरे.

आपल्याकडच्या परिस्थितीविषयी लिहिताना मला वाईट वाटते, कारण अडचण कायद्याची नाही. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने ऊतींचाही समावेश झाला आणि २०१४ मध्ये त्याचे नियम आले. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून ऊतिपेढी आहे. मुंबई परिसरात त्वचापेढ्या आहेत. दिल्लीच्या एम्समध्ये दात्यांच्या हृदयझडपांची पेढी चालते. यकृत प्रत्यारोपण करणारे शल्यचिकित्सक दात्याच्या ओटीपोटातील धमन्या आणि शिरा यकृताबरोबर घेतात आणि थंड द्रावात ठेवतात, कारण जोडणीत त्या लागू शकतात. म्हणजे धमनी काढण्याचे कौशल्य, ती जतन करण्याचे कौशल्य आणि कायद्याची चौकट, हे तिन्ही येथे आहे. तरीही छातीतील लांब, सरळ, निरोगी महाधमनी दात्याच्या शरीरातच राहते, कारण ती कोणी मागत नाही. नेत्रदान आणि त्वचादान हे शब्द आपल्या घराघरांत पोहोचले आहेत. धमनीदान हा शब्द मी दवाखान्यातही ऐकलेला नाही. मेंदुमृत रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलणारे समन्वयक अत्यंत कठीण काम करत असतात, आणि त्यांच्या प्रश्नांच्या यादीत आणखी एक ओळ घालावी असे म्हणताना मला संकोच वाटतो, परंतु ती ओळ हवी आहे असे माझे ठाम मत आहे.

गेल्या वर्षी माझ्याकडे सांगलीकडचे एक शेतकरी आले. सहा वर्षांपूर्वी बसवलेली नळी आतड्यात घुसली होती आणि त्यांना दोनदा रक्ताची उलटी झाली होती. त्यांच्या मांडीतील शिरा आधीच्या गुठळ्यांमुळे निकामी होत्या. ज्या रुग्णालयात मी पूर्वी होतो तेथे मी तासाभरात पेढीला फोन केला असता. येथे मी हृदयावरणाचे दोन मोठे पडदे मागवले, सहायकाच्या मदतीने त्यांची दुभागलेली नळी शिवली, आणि तिला पाऊण तास लागला. तेवढा वेळ भूलतज्ज्ञ महाधमनीवरच्या क्लॅम्पकडे आणि रक्तदाबाच्या आकड्यांकडे पाहत उभे होते. आतडे दुरुस्त केले, ओमेंटम मध्ये घातला, आणि सहा आठवडे शिरेतून औषधे दिली. गेल्या महिन्यात त्यांचा स्कॅन झाला : पू नाही, नळी वाहती आहे, मधल्या शिवणीपाशी मात्र किंचित फुगवटा दिसतो आहे, म्हणून त्यांना तीन महिन्यांनी पुन्हा बोलावले आहे.